काकांचं एक मत

कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी काका उजवीकडे, डावीकडे आणि समोर हात जोडत. चहाच्या टपरीवरसुद्धा. हिंगणीतली मंडळी हसली की म्हणत, "सवय हाय बाबा. आमचे सारे सभापती असेच बसत."

काकांची उभी हयात दिल्लीत, मार्शल म्हणून राज्यसभेच्या सभापतींच्या खुर्चीमागे उभं राहण्यात गेली. निवृत्त होऊन ते आपल्या गावी, हिंगणीला, आमच्या शेजारी राहायला आले. कितीतरी सभापती त्यांनी पाहिले होते, पण बहुतेक पाठीकडून. "एक जन राग आला का हळू बोलत. एक असे हसवत का भांडनारा आपोआप खाली बसे. एकाची मान संध्याकाळी अवघडून जाये. साऱ्याइचं आयकनं सोपं नसते, पोरी."

मी कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला वांगी लावते. पाणी वरच्या शेतांतच संपायचं. पाणीवाटपाच्या सभेत वरचे आणि खालचे एकमेकांचा अध्यक्ष मानेनात, म्हणून काकांना बसवलं. वरच्यांचा पुढारी त्यांचाच धाकटा भाऊ होता. मी बोलायला उभी राहिले तसा गलका झाला. "बस खाली," असं तोच म्हणाला.

"बोलू द्या तिले," काका म्हणाले. गलका वाढला, तसा त्यांचा आवाज आणखी उतरला. "मले आयकू येऊन नाई राह्यलं." हळूहळू सगळे गप्प झाले. लग्न होऊन या गावात आल्यापासून पहिल्यांदाच मी चारचौघांत सलग बोलले.

पाणी आधी खालच्या टोकाला द्यायचं का, यावर हात वर झाले. दोन्हीकडे सारखेच. अशा वेळी अध्यक्षाचं मत लागतं. भाऊ त्यांच्याकडे बघत होता. काकांनी दोन्हीकडचे हात पुन्हा एकदा मोजले.

"पानी आधी खाली," ते म्हणाले.

त्या दिवाळीला भावाने त्यांना जेवायला बोलावलं नाही. मी डबा घेऊन गेले. "काका, जड गेलं ना?"

"गेलं ना. पन त्या खुर्चीत कोनाले सोपं गेलेलं मी पाह्यलं नाई." आणि डब्यातली वांगी त्यांनी चाटूनपुसून खाल्ली.

गेल्या थंडीत काका गेले. तेरवीनंतर पाण्याची पहिली पाळी आली. भाऊ कालव्यावर उभा दिसला. मला वाटलं, आता हा अडवणार. त्याने वाकून स्वतःच्या शेताकडचं पाण्याचं दार बंद केलं आणि तिथंच बांधावर बसला.

"जा," म्हणाला, "तुया वांग्याइले पानी जाऊन राह्यलं. मी आहो इथं."