देवाशी अबोला

"अबोला? देवाशी? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे की. म्हणून तर बोलत नाही."

"आणि त्याला कळलंय का ते?"

"त्याचं तो बघेल," म्हणत गादीवालीनं लांब सुई गादीतून आरपार घातली, खालून ओढून घेतली आणि दोऱ्याला असा हिसका दिला, जसा काही देवाचा कानच तिच्या चिमटीत सापडला होता.

समोर कापसाच्या पोत्यावर तिची थोरली नणंद बसली होती. भावाला बघायला म्हणून ती आली, आतल्या खोलीत डोकावली आणि आली तशी बाहेर येऊन बसली. भाऊ भिंतीकडं तोंड करून पडला होता. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही.

पोरीचं झालं तेव्हापासून त्याचं हे असं होतं. एकुलती एक लेक तापाचं निमित्त होऊन गेली. नवरा-बायको दोघं मिळून गाद्या भरायची. तो कापूस पिंजायचा, ही टाके घालायची, आणि लेक दोघांच्या चुका काढायची. लेक गेली आणि हा माणूस जो आडवा झाला तो झालाच. ताटली पुढं सरकवली तर चार घास खायचा, नाही तर तेही नाही. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. मग दोष कुठं आहे, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

गादीवालीनं आधी देवाकडं लेक मागितली. मिळाली नाही. मग म्हणाली, बरं बाबा, निदान नवरा तरी उठव. तेही नाही. तेव्हापासून तिनं देवाशी बोलणं टाकलं.

नणंद गुडघ्यावर हात टेकून उठली. "हे बघ, देव नाहीच म्हणत असशील तर तसं म्हण आणि मोकळी हो. पण अबोला कशाला धरतेस? अबोला घरच्या माणसाशी धरतात गं. रस्त्यानं जाणाऱ्याशी कोण धरतं?"

"वन्सं, तुमचं आपलं काहीतरीच."

"असेल. मी कुठं शिकलेय?" असं म्हणून ती वहाणा शोधत निघून गेली. जाताना गादीवालीच्या डोक्यात भुंगा मात्र सोडून गेली.

मोठी गादी झाली होती. आता समोरच्या दुकानदाराच्या नातवासाठी छोटी गादी भरायची होती. गादीवाली ढिगातला कापूस मुठीमुठीनं खोळीत कोंबू लागली. देव नसेल तर मी रुसले कुणावर? आणि असेल, तर मग हे काय चालवलंय त्यानं? घरचा म्हणावा तर एवढे हाल करतो, परका म्हणावा तर सकाळी उठल्याबरोबर त्याचीच आठवण येते, मग भले शिवी द्यायला येत असेल. हात चालले होते, पण मन कुठल्या कुठं गेलं होतं. बारक्या सुईनं कड शिवून झाली, दोरा तोडला आणि तिचं लक्ष भिंतीकडं गेलं.

सुया खोचायला भिंतीला टांगलेल्या कापडी उशीत लांब सुई नव्हती.

पदर झटकला, सतरंजी उचलली, मोठी गादी चाचपली. मग एकदम आठवलं. नणंदेशी बोलता बोलता तिनं सुई समोरच्या कापसातच खोचली होती. त्याच ढिगातला कापूस आता छोट्या गादीत गेला होता. या धंद्यात माणूस एक वेळ जेवण विसरेल, पण सुई कापसात खोचणार नाही. पहिल्याच दिवशी नवऱ्यानं तिला ते दटावून सांगितलं होतं.

तेवढ्यात दुकानदार दारात हजर. "झाली का हो गादी? बाळ निघालंय दवाखान्यातून."

"थोडी थांबा. एक... एक टाका राहिलाय."

"मगाशी तर शिवलेली दिसत होती?"

"तुम्हाला गादीतलं कळतं का? मग थांबा."

तो गेला आणि गादीवालीनं छोटी गादी पुढ्यात ओढली. तान्ह्या बाळाच्या पाठीखाली सुई गेली असती. तिचं तोंड आपोआप सुटलं.

"आता हेही का? पोर नेलीस, माणूस पाडलास, आता दुसऱ्याच्या लेकराला माझ्या हातून टोचवतोस? लाज नाही वाटत? बोल की आता! दातखीळ बसली का?"

"कुणाशी बोलतेस?"

आवाज आतून आला. बसका, गंजलेला. गादीवालीनं वळून पाहिलं. नवरा चौकटीला धरून उभा होता.

"कुणाशी नाही," ती म्हणाली. "सुई राहिली आत."

"कापसात खोचलीस?"

तिनं गादी त्याच्याकडं सरकवली. तो भिंतीच्या आधारानं आला, गादीपुढं बसला आणि दोन्ही तळवे सपाट ठेवून कडेपासून दाबत दाबत गेला. पूर्वी त्याच्या तळव्याखालून सरकीचं बीसुद्धा सुटत नसे.

"यात नाही."

"यातच आहे हो. मी उसवते."

"नाही म्हणतो ना!" तो खेकसला. पण तिनं उसवलीच. तो रागारागानं कापूस उपसू लागला आणि एकदम थबकला. बोटातून रक्ताचा थेंब वर आला. सुई त्याच्या हाताला कळली नव्हती.

तो बोटाकडं बघत राहिला. मग एवढा मोठा बाप्या कापसात डोकं खुपसून ढसाढसा रडला. लेकीला निरोप देतानाही त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

गादीवालीला कळेना, हे बरं झालं की वाईट. धीर द्यावा तर तिच्याजवळ कुठं होता? चूक तिची, टोचलं त्याला, आणि उठलाही तोच. यात देव कुठं आला? आणि नाही म्हणावं, तर ती आत्ता ज्याच्या अंगावर ओरडली त्यानं अगदीच ऐकलं नाही, असंही छातीठोक म्हणवेना. हा देवच असेल तर भलताच आडमुठा आहे, असं तिला वाटलं. उद्या नवरा पुन्हा भिंतीकडं तोंड करील का, तेही तिला ठाऊक नव्हतं.

तिनं सुई पुसली आणि जागच्या जागी खोचली. रक्त लागलेला कापूस बाजूला काढून टाकला.

"झाली का हो?" समोरून दुकानदार ओरडला.

"येतेय!"

नवऱ्यानं बाहीला नाक पुसलं. खोळीची रिकामी कड चाचपत तो म्हणाला, "इथं कमी पडतोय."

तिनं पोतं ओढलं आणि त्याच्यापुढं कापूस ओतला.