कोपऱ्यातली चौकट

शेजारच्या शैलावहिनींनी चहाबरोबर मोबाईलही माझ्यापुढे धरला. "बघा, आमची सुमन किती रडली!" सुमन त्यांची मावसबहीण. तिचा नवरा नुकताच गेला. वहिनींनी सांत्वनाला व्हिडिओ कॉल केला आणि तिच्या नकळत स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवला.

मला शिसारीच आली. सुतकाच्या घरातून निघताना आपण 'येते' असंसुद्धा म्हणत नाही, मुकाट्याने चपला घालतो. ही बाई मात्र तिथलं रडणंच उचलून घेऊन आली, चहाबरोबर वाढायला!

"पुढे बघा ना, पुढे तर फारच..."

बघितलं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत वहिनी स्वतःही रेकॉर्ड झाल्या होत्या. सुमन हंबरडा फोडत होती आणि वहिनी स्वतःकडे बघत कपाळावरची बट सारखी करत होत्या.