निळं पडलेलं सोनं

सोनं लालही असतं, हे मी पुण्यात येऊन पाहिलं. आठवीत शाळा सुटलेली, मुखेडजवळच्या खेड्यातून आलेली मी एका प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळायच्या कामाला लागले होते. तिथं सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात तयार करत. ते पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसायचं. त्यात रक्तातली आजाराची खूण मिसळली की कण एकमेकांना बिलगायचे आणि लाल पाणी निळं व्हायचं. आजार रंगावरूनच लगेच कळावा, म्हणून सगळी खटपट. तिथल्या मॅडमनी बजावलं होतं, "महिनाभर बघू. मग तुला ठेवायचं का ते ठरवू."

गावाकडं त्या साली टँकरची वाट बघणं हेच काम होतं. लातूरला तर पाणी रेल्वेनं आलं. आई फोनवर म्हणायची, "आपला जिल्हा नवा होणार म्हणं. गावची टाकी तीच हाय, कोरडी." मला हसू यायचं आणि लगेच भीती वाटायची. काम गेलं तर परतायचं कुठं? घरच्यांच्या घागरीत वाटा मागायला?

म्हणून भांडी शेवटची विसळून उरलेलं डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेलं पाणी मला बेसिनमध्ये ओतवेना. दिसायला स्वच्छच की. आमच्याकडं एका भांड्याचं पाणी चार भांड्यांना पुरतं. मी ते बादलीत धरायचे आणि पुढचे चंबू त्यातच विसळायचे.

तिसऱ्या आठवड्यात सोनं निळं पडलं. रक्ताचा थेंब न घालता. दोनदा. तिथले मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचे हातच घाण. मराठवाड्यातली माणसं, पाणी बघितलंय कुठं!"

घाण हा शब्द माझ्या आजोबांनी विहिरीवर ऐकला होता. मी बोलले, "साहेब, चूक माझी हाय. पाणी वाचवलं मी. पण घाण म्हणायचं न्हाई. पाणी बघितलं न्हाई, म्हणूनच वाचवलं."

मॅडम म्हणाल्या, "कसं वाचवलंस? दाखव."

मी बादली आणली. त्यांनी लाल कुपीत त्यातलं पाणी ओतलं. लालाचं जांभळं झालं, जांभळ्याचं निळं.

"आधीच्या भांड्यांतले क्षार," त्या म्हणाल्या. "एवढेसेही या सोन्याला खपत नाहीत." मग साहेबांकडं वळल्या. "हिला हे कुणी सांगितलं होतं का?"

"त्यात काय सांगायचं?"

"सांगायचं."

महिना भरला आणि मला ठेवलं. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. शेवटचं पाणी आता दुसऱ्या कुठल्याही चंबूत जात नाही. पण बेसिनमध्येही जात नाही. त्या पाण्यानं मी फरशी पुसते, आणि सुरुवात साहेबांच्या खोलीपासून करते.