नाक्याच्या बाई

परब मॅडमकडून पेन मागायची आमच्या ऑफिसात कुणाची छाती नव्हती. त्या द्यायच्या नाहीत असं नाही, लगेच द्यायच्या, पण देताना बोटं सोडायच्या नाहीत. पेनाचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं त्यांच्या चिमटीत, आणि चष्म्याच्या वरून प्रश्न यायचा, "परत कधी देणार?" "देतो की मॅडम, जरा वेळाने," असं कुणी म्हणालं की पेन परत पर्समध्ये. "जरा वेळाने म्हणजे काय रे? मीटिंग संपल्यावर, जेवायच्या आधी, सही झाल्यावर, असं काहीतरी सांग ना." मग आपण निमूटपणे सांगायचं आणि त्या बोटं सोडायच्या. छत्री, स्टेपलर, चार्जर, सगळ्याला हाच कायदा. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला डबाभर फणसाची भाजी दिली. डोक्यावरून हात फिरवून, डोळ्यांत पाणी आणून दिली, आणि त्याच दमात म्हणाल्या, "डबा उद्या सकाळी. घासून."

त्यांना सगळे मागून 'नाक्याच्या बाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं. एक तर त्या दहिसरच्या, चेक नाक्याजवळ वाढलेल्या. गिरणी बंद पडल्यावर त्यांचे वडील तिथेच एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागले होते, मालाचे ट्रक नाक्यातून पार करून द्यायचं काम. शाळा सुटली की बाई वडिलांजवळ जाऊन बसायच्या आणि ट्रक बघायच्या. कुठून आला, काय माल, कुठे जाणार. उत्तर पटलं की रस्त्यावरचा आडवा दांडा वर, नाही तर ड्रायव्हर कितीही बोंबलू दे, गाडी बाजूला. "अख्खी मुंबई त्या दांड्याच्या मागे झोपलेली असायची," त्या म्हणायच्या. "मला भारी वाटायचं. एवढासा दांडा, आणि केवढं शहर!"

दुसरं कारण त्यांचं काम. अंधेरीच्या एमआयडीसीतली आमची कंपनी छोटी. नवजात बाळांच्या कक्षात पाळण्याशेजारी ठेवायचं यंत्र आम्ही बनवतो. बाळाच्या छातीवर चिकटवलेल्या वायरींतून ठोके येतात, एक कार्ड ते पकडतं आणि पडद्यावर आकडा दिसतो. आता गंमत अशी, की हे कार्ड प्रत्येक ठोका घेऊन मुख्य प्रोसेसरच्या दारात उभं राहत नाही. तेवढा वेळच नसतो. त्याला मेमरीतला एक तुकडा नेमून देतात आणि सांगतात, बाबा रे, तूच थेट इथे लिहीत जा. पण ती मेमरी असते कुणाची? कर्नलची, म्हणजे अख्ख्या यंत्राचा कारभार जो हाकतो त्याची. कार्डाचा हात चुकून शेजारच्या तुकड्यावर पडला तर तिथे घड्याळ असेल, गजर असेल, दुसरंच काहीतरी असेल, ते पुसलं जाणार. म्हणून कार्ड आणि मेमरी यांच्यामध्ये एक पहारेकरी बसवलेला असतो. कुठल्या कार्डाने कुठल्या तुकड्यावर आणि कुठवर लिहायचं ते आपण त्याला सांगून ठेवायचं. परवानगीबाहेर हात गेला की तो जागच्या जागी अडवतो. त्याचं इंग्रजी नाव उच्चारताना जीभ अडखळते. आमच्याकडे त्याला 'नाका'च म्हणतात, आणि हा नाका बाईंनी उभा केला होता.

नवीन आलेल्या पोरांचा कोड तपासायला त्या त्यांना शेजारी बसवून घेत. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मला वाटलं, कोड जलद चालतो, व्यवस्थित आहे, बाई खूश होतील. त्यांनी जलदबिलद काही बघितलंच नाही. एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे कार्डाला मेमरी दिलीस. बरं. परत कुठे घेतलीस?" मी शोधायला लागलो. "शोधू नको. दिलंस त्याच क्षणी परत घ्यायची जागा ठरलेली पाहिजे. मेल्या, घराची चावी देतोस शेजाऱ्याक, ती परत घेतंस मा?" रागावल्या की मालवणी यायची, आणि मालवणी आली की समजायचं, आपल्यावर जीव आहे. 'दिलंस ना? मग परत कधी घेणार?' हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाला इतकं पाठ झालं होतं की आमचा तमिळ टेस्टरसुद्धा बायकोला कारची चावी देताना ते मराठीतून म्हणायचा.

आणि मग एक मोठी ऑर्डर टप्प्यात आली. एका हॉस्पिटलने आमची यंत्रं बाळांच्या कक्षात चाचणीला लावली होती. पसंत पडली तर त्यांच्या सगळ्या शाखांत तीच जाणार होती. नापसंत झाली तर आमच्या कंपनीचं काय होणार हे कुणी बोलत नव्हतं, पण चहाच्या टपरीवर प्रत्येक जण गुपचूप मोबाईलवर नोकऱ्या बघत होता. यंत्र उत्तम चालत होतं. फक्त मध्येच कधीतरी पडदा काळा व्हायचा. बंद करून चालू केलं की ठीक. नर्सेस वैतागल्या होत्या, आणि का वैतागू नये? पाळण्यात मूठभर जीव आणि शेजारी काळा पडदा!

आमचा टीम लीड नितीन हुशार माणूस. त्याने दोन दिवसांत शोधून काढलं की पडदा काळा होतो तो नाक्यामुळे. कार्ड कधीतरी परवानगी नसलेल्या जागी लिहायला जातं, नाका त्याला अडवतो, कार्ड ठप्प, पडदा काळा. नितीनने नाका बंद करून यंत्र चालवलं. एक सेटिंग बदलायचं, बस. पडदा एकदाही काळा झाला नाही. ऑफिसात टाळ्याच पडल्या! आमचे मालक, ज्यांना आम्ही शेठ म्हणतो, स्वतः खाली आले आणि म्हणाले, "झकास! असंच पाठवा."

"नाही पाठवायचं," बाई म्हणाल्या.

शेठ तसे भले. त्यांनी समजावलं, मग चिडले. "परब मॅडम, तुमचा नाका मशीन बंद पाडतोय. नाका काढला तर मशीन चालतंय. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?"

"कुत्रा भुंकतोय म्हणून त्याला घालवून दिलंत शेठ. चोर घरातच आहे. मी इथे असेपर्यंत नाक्याशिवाय एकही मशीन जाणार नाही. पाठवायचंच असेल तर आधी माझा राजीनामा घ्या."

मी तिथेच उभा होतो आणि खरं सांगतो, मला बाईंचा राग आला. त्यांची निवृत्ती तोंडावर आलेली, आमची अख्खी नोकरी पुढे पडलेली. वाट लागणार ती आमची! शेठनीही राजीनामा मागितला नाही, कारण बाईंशिवाय यंत्राच्या पोटातलं कुणालाच कळत नव्हतं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "बसा शेठ. नाका बंदच ठेवते. तुम्ही फक्त एक काम करा. ही वायर काढा, लावा, काढा, लावा. बाळं लाथा मारतात, वायर निसटते. तुम्ही बाळ व्हा."

टेबलावर एक डबी होती, बाळासारखे खोटे ठोके देणारी. यंत्राची वायर तिला जोडलेली. वायर निघाली की पडद्यावरचा आकडा जाऊन गजर वाजला पाहिजे, हा यंत्राचा पहिला धर्म. शेठ वायर काढत होते, गजर वाजत होता. लावत होते, आकडा येत होता. बराच वेळ हे चाललं. शेठ हसायला लागले, "मॅडम, माझा हात दुखला हो." आणि पुन्हा वायर काढली.

गजर वाजला नाही. वायर शेठच्या हातात लोंबकळत होती आणि पडद्यावर ठोके चालूच होते. छान, एका लयीत, हिरव्या रंगात. आम्ही सगळे त्या पडद्याकडे बघत राहिलो. वायर कशालाच जोडलेली नव्हती आणि यंत्र सांगत होतं, बाळ मजेत आहे.

"शेठ," बाई हळूच म्हणाल्या, "बाळ खय आसा?"

शेठनी वायर टेबलावर ठेवली, रुमालाने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, "नाका चालू करा." ऑर्डरचं नाव कुणी काढलं नाही. मघाशी आपण बाईंवर चिडलो होतो हे मला आठवलं आणि मी खाली बघत राहिलो.

आता चोर शोधायचा होता. सगळ्यांचा संशय कार्डावर. बाहेरून मागवलेलं कार्ड, 'थांब' म्हटल्यावर थांबत नाही, बोगस आहे, बदला. हॉस्पिटलने आठवड्याची मुदत दिली होती. बाई कुणाशी बोलेनाशा झाल्या. डबा तसाच परत न्यायच्या. मग एका दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं, शेठनाही. मोठ्या पडद्यावर कोड लावला आणि एका ओळीवर बोट ठेवलं, जसं आमच्या कोडवर ठेवायच्या तसंच.

"कार्डाची चूक नाही," त्या म्हणाल्या. "ही ओळ माझी आहे. वायर निघाली की मी कार्डाला सांगते, थांब. आणि लगेच मेमरी काढून घेते. पण कार्डाच्या हातात कधीतरी शेवटचा ठोका उरलेला असतो. ते बिचारं तो लिहायला जातं, तर जागा गेलेली. नाका असला तर त्याला अडवतो, पडदा काळा. नाका नसला तर ती जागा तोवर गजराला दिलेली असते, आणि हा ठोका जाऊन गजरावर बसतो. मग वायर निघाल्याचं यंत्राला कळतच नाही, ते जुनेच ठोके दाखवत राहतं. मी सगळ्यांना विचारत फिरले, परत कधी घेणार. परत घेताना समोरच्याचं झालं का, हे मात्र मी स्वतः कधी विचारलं नाही. तुम्हाला इतकी वर्षं अर्धंच शिकवलं."

आमच्याएवढ्या पोरांसमोर, मालकासमोर, ज्या कोडला आम्ही हात लावायला घाबरायचो त्याच्यावर ही बाई स्वतः बोट ठेवून उभी होती. आवाज कापत नव्हता. कार्डावर ढकललं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी आयुष्यात मोठमोठी पदं मिरवणारी माणसं बघितली, पण त्या दुपारी बाईंपुढे मला जे वाटलं ते पुन्हा कुणापुढे वाटलं नाही. पायाच पडावंसं वाटलं. नितीन तर उठून खरंच पडला, तेव्हा त्याला म्हणाल्या, "ऊठ मेल्या, आधी ओळ बदलूया."

बदल तसा छोटा निघाला. 'थांब' सांगितल्यावर कार्डाला विचारायचं, झालं का? त्याने हो म्हणेपर्यंत थांबायचं आणि मगच जागा परत घ्यायची. यंत्रं नाक्यासकट गेली. पडदा पुन्हा काळा झाला नाही, वायर निघाली की गजर वाजला, आणि ऑर्डर आमची झाली. ऑफिसात मात्र बाईंच्या वाक्याला शेपूट जोडलं गेलं. कुणाच्या हातून काही परत घेताना आम्ही सगळे त्यांच्या मालवणीत विचारू लागलो, "झाला काय?" बाईसुद्धा. पेनाचं टोक धरायच्या आधी विचारायच्या.

निवृत्तीच्या दिवशी समोसे आले, हार आला, शेठचं भाषण तयार होतं. बाई म्हणाल्या, "आधी माझे सगळे दरवाजे बंद करा. जिला उद्या इथे काम नाही तिच्या हातात आज चावी कशाला?" कंपनीच्या कॉम्प्युटरांत कुणाला शिरू द्यायचं, कुणाला नाही, हे काम माझ्याकडे होतं. त्या त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या, मी शेजारच्या कॉम्प्युटरवर. त्यांचं नाव निवडलं. एक बटण दाबलं की झालं. पण बोट पुढे जाईना. तरी नियम तो नियम, म्हणून विचारलं, "बाई, झाला काय?"

बाईंच्या तोंडावर कधीच 'बाई' म्हटलं नव्हतं, त्या दिवशी निघून गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पडद्यावर तोच कोड उघडा होता. तो त्या वरपासून खालपर्यंत सावकाश वाचत गेल्या, एखादं पोर शाळेत जाताना आई त्याचे केस नीट करते तशा.

"अजून नाय," त्या म्हणाल्या. "थांब जरा."

मी थांबलो. बाहेर समोसे गार होत होते, कुणीतरी दोनदा हाक मारून गेलं. शेवटी त्यांनी तो कोड बंद केला, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"हां. झाला माझा. घे आता."

मी बटण दाबलं. बाई लगेच पुढे सरकल्या आणि त्यांनी आपलं नाव आणि पासवर्ड टाकून बघितला. कॉम्प्युटरने नाकारला. पुन्हा टाकला. पुन्हा नाकारला. त्या माझ्याकडे वळल्या. गालावरून पाणी वाहत होतं, आणि चेहऱ्यावर दहिसरच्या त्या पोरीचा आनंद, जिने दांडा खाली येताना बघितलाय.

"बघ रे, बघ!" त्या म्हणाल्या. "मेलो माका पण आत घेत नाय!"