कायमचे की तात्पुरते

सर्च करून पाहिलं, तर आजही तेच. माझ्या गोधड्यांच्या वेबसाइटवरच्या सगळ्या पानांचे पत्ते मी महिन्यापूर्वी बदलले. त्यांतलं सासरचं आडनाव काढून माहेरचं घातलं. तरी स्क्रीनवर जुनंच आडनाव, निळ्या अक्षरांत, ठाण मांडून बसलेलं.

आधी मला त्या सर्च इंजिनचाच संशय आला. मग नवऱ्याचा. "जुनंच दिसतंय की अजून," असं तो चहा पिताना म्हणाला होता, आणि त्या 'की'मध्ये मला समाधान ऐकू आलं होतं.

शेवटी मुलीला दाखवलं. ती हसलीच. "आई, जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना नव्याकडे वळवताना तू 'तात्पुरते' निवडलंयस. म्हणजे तू परत येणार, असंच सर्च इंजिन धरून चालणार ना!"

कुठल्याही अर्जावर 'कायमचा पत्ता' हा रकाना आला की माझं पेन अजूनही थबकतं. जन्मले ते घर आता भावाचं, राहते ते नवऱ्याचं. कायमचं असं काही लिहायची हाताला सवयच नाही. त्या दिवशीही बोट आपसूक ओळखीच्या शब्दावर गेलं असणार. मी मात्र महिनाभर दुसऱ्यांवर संशय घेत बसले.

मुलीने 'कायमचे' निवडलं. "करू सेव्ह?"

"कर," मी म्हणाले.

तेवढ्यात पेपराआडून नवऱ्याचा आवाज आला, "आणि दारावरची पाटी?"

चेष्टा होती की चौकशी, ते पेपर खाली आल्यावरच कळलं असतं. पेपर काही खाली आला नाही.