हळदीकुंकवाचा सापळा

अंगाला माणसाचा वास येऊ नये म्हणून आमच्या घरमालकांनी घेतले तेवढे कष्ट उभ्या बेंगळुरात कुणी घेतले नसतील. सारं शहर चंदनी साबण लावी. हे मात्र कोल्ह्यासाठी सापळा मांडायचा म्हटलं की दिवसचे दिवस साबणाला शिवत नसत आणि गोणपाट पांघरून गोठ्यात बसून राहत. पिढ्यान्‌पिढ्या इथंच मुरलेलं मराठी घर. त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या पत्नीला अक्का. "स्वल्प लांब बस रे," अण्णा मला सांगत, "तुझ्या डोक्याला खोबरेल आहे. कोल्ह्याला कळतं." आतून अक्का म्हणत, "कोल्ह्याला तेवढं नाक, बायकोला नाहीच!"

सापळा दोन लोखंडी जबड्यांचा. लोखंडाचा वास जावा म्हणून तो बाभळीच्या सालीत उकळायचा, तोही अक्कांच्या हंड्यात. माती चाळायची अक्कांच्याच पिठाच्या चाळणीनं. मग बांधाशी तिरकं बीळ खणून तळाला नासलेली मासळी ठेवायची, आणि बिळाच्या तोंडाशी चाळलेल्या मातीखाली सापळा. "कोल्ह्याला वाटलं पाहिजे, आपल्या भाऊबंदानं इथं माल पुरलाय," अण्णा समजावत. "भाऊबंदाच्या मालावर डोळा नाही असा प्राणी अजून जन्मायचाय!" एवढं करून त्यात सापडलं काय, तर एकदा मुंगूस, एकदा उदमांजर आणि एकदा शेजाऱ्यांची वहाण. कोल्हा मागच्या बाजूनं बीळ उकरून मासळी नेई. अण्णा ते उकरलेलं बघत आणि आदरानं म्हणत, "शिकलेला आहे."

मी शिकलेला नव्हतो. सातवीत शाळा सोडून साताऱ्याकडून इतक्या लांब आलो होतो, आणि बेळ्ळंदूरच्या तळ्याजवळ कोंबड्यांच्या एका फार्मवर राखणीला लागलो होतो. तिथल्या कोंबड्या नाहीशा होऊ लागल्या आणि फार्मच्या मालकांचा संशय आला परमुलखातल्या माझ्यावर. "सण आहे म्हणून नवमीपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "पुढं एक जरी कमी झाली, तर गाठोडं बांध." हे अण्णांना सांगताना मी रडायचाच बाकी होतो. अण्णा उठले. "तुझा चोर तो माझा कोल्हा. सरी, ठरलं! नवमीला संध्याकाळी तुझ्या कुंपणाशी मांडू."

खंडेनवमीच्या दुपारी ते सापळा घ्यायला आत गेले आणि ओरडलेच. अक्कांनी विळी, कोयता, सायकल यांच्या रांगेत सापळाही चिंचेनं घासून देवापुढं मांडला होता. वर हळदकुंकू, झेंडू, कापूर, उदबत्ती.

"अगं, कोल्ह्याला धरायचाय, हळदीकुंकवाला नाही बोलवायचा!"

"आयुध नव्हे का ते? वर्षभर माझा हंडा अडवतं. एक दिवस देवापुढं बसलं तर काय बिघडलं?"

पुन्हा उकळायला वेळ नव्हता. अण्णांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, झेंडू तेवढा काढला आणि निघाले. "येत नाही तो," असं वाटभर पुटपुटत होते. कुंपणाच्या भगदाडाशी बीळ खणलं, मासळी ठेवली, आणि सापळ्यावर माती पसरली ती मात्र पूजेला रांगोळी घालावी तशी.

दसऱ्याच्या सकाळी जाऊन बघतो तर सापळ्यात भलाथोरला कोल्हा! शेजारी आमची कोंबडी मरून पडलेली. चोरी करून निघालेला तो, तोंडातला माल टाकून भाऊबंदाच्या मासळीला वाकला होता. मालक धावत आले, बघत राहिले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राहा रे बाबा." मला तर दसऱ्याचं सगळं सोनं तिथंच मिळालं. अण्णांनी आधी कोल्ह्याला नमस्कार केला, मग काठी उचलली.

"काल गावानं कोहळे फोडले," परतताना ते भेटेल त्याला सांगत होते. "गाडीला कुंकू, नांगराला कुंकू, पंपाला कापूर. सगळीकडं तोच वास! आमच्याच सापळ्याला नसता तर याला शंका आली असती. घरात डोकं लागतं, डोकं!" डोकं कुणाचं, ते सांगत नव्हते. दारात अक्का आरती घेऊन उभ्या. त्यांनी आधी सापळ्याला ओवाळलं, मग अण्णांना, आणि म्हणाल्या, "आता आंघोळ!"

पुढं दर नवमीला अण्णा स्वतःच सापळा देवापुढं मांडत. कोल्हा काही परत सापडला नाही. मग शेतंच उरली नाहीत, अण्णाही गेले. त्यांच्या मागं अक्कांनी सापळा माझ्या हाती दिला, आणि मी गावी परत न जाता इथलाच झालो. दर नवमीला तो चिंचेनं घासतो, हळदकुंकू लावतो. एकदा नाक अगदी जवळ नेलं. चिंच आली, कापूर आला, हळद आली. अण्णांचा वास मात्र कुठंच नव्हता. त्यांनी काम चोख केलं होतं.