हनुवटी वर!

सलूनमधले केस रोज संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र कोपऱ्यात साठत राहतात. हैदराबादला नारायणगुड्यात माझं दोन खुर्च्यांचं सलून आहे. तिथे मी आयुष्यभर दुसऱ्यांचे किस्से ऐकले. मग थायरॉइड डोळ्यांत उतरलं आणि लोकांनी माझेच किस्से केले. कोणी काय म्हटलं ते मी विसरलेलो नाही.

*

आधी डोळे बाहेर आले. पापण्या वर ओढल्या गेल्या. साधं बघितलं तरी वटारून बघितल्यासारखं दिसायचं.

पुण्याहून आयटीत आलेला एक पोरगा दाढीला बसला. आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, रागावलात का?"

"नाही."

थोड्या वेळाने परत, "खरंच नाही ना?"

"नाही!"

"नाही म्हणजे, माझं काही चुकलं असेल तर सॉरी हं."

"आता रागावलो!"

फेस पुसत पळाला. त्याची अर्धी दाढी अजून बाकी आहे.

*

मग एकाचे दोन दिसू लागले. शेजारी शेजारी नाही, एकावर एक. डोळ्याखालचा स्नायू आखडला होता, त्यामुळे डोळा वर जाईना. हनुवटी उचलून खाली नजर टाकली की दोनाचं एक व्हायचं. म्हणून मी हनुवटी उचलून वावरू लागलो. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला माज आला.

हिमायतनगरला मुलीच्या सासरी बारसं होतं. व्याही चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "मुलीच्या बापाने जरा मान खाली घालून बोलावं."

"मान खाली घातली की तुम्ही दोन दिसता," मी म्हणालो. "एकच पुष्कळ आहात!"

बायकोने घरी येऊन ताट आपटून जेवायला वाढलं. मुलीचा फोन आला. ती नुसती हसत होती.

*

डोळ्यांच्या सर्जन मॅडम तेलुगू. बोलतात आपल्या हैदराबादी हिंदीत. मी म्हणालो, लगेच कापा. त्या म्हणाल्या, "अब्बी नक्को बाबा." आजार शांत व्हायला हवा, डोळ्याची मापं पुन्हा पुन्हा तीच यायला हवीत. आज स्नायू शिवला आणि उद्या डोळा परत सरकला तर सगळं फुकट. तोवर बिडी बंद, बिडीने हा आजार वाढतो.

शेजारचा चहावाला खाजाभाई बिडी ओढतच म्हणाला, "उस्ताद, बिडी छाती को लगती. आँख को कायकू लगती? डॉक्टर लोगां कुछ भी बोलते!"

मी बिडी सोडली. त्या दिवसापासून राग दुप्पट झाला. माणसं आधीच दुप्पट होती!

*

थांबायचं म्हणून एका डोळ्यावर पट्टी लावली. एका डोळ्याने एकच दिसतं. हाताला तर काही झालंच नव्हतं. पण पट्टीवाल्या न्हाव्यापुढे गळा कोण देणार? केस कापायला दोघंचौघं येत. वस्तऱ्याला कोणी बसेना. आणि वस्तरा गेला की न्हावी कसला, झाडूवाला!

सगळ्यात राग आला तो वकीलसाहेबांचा. त्यांच्या लग्नाआधीपासूनचं गिऱ्हाईक. नातवाच्या मुंजीत त्याची शेंडीसुद्धा मी राखलेली. पट्टी बघितली आणि म्हणाले, "मास्टर, आज फक्त पेपर वाचायला आलो."

मग रोजच पेपर वाचायला येऊ लागले. दाढी मात्र गुळगुळीत! एसी सलूनमधली दाढी लपत नाही. दिलसुखनगरला, क्लासची पोरं जातात तिथे करून यायचे. उजवा कल्ला खाली, डावा वर. मला वाटलं, माझाच डोळा खोटं बोलतोय. पट्टी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर लावून बघितली.

दोन्ही डोळ्यांनी वाकडेच!

*

शेवटी डोळ्याची मापं एका जागी थांबली. मॅडम म्हणाल्या, आखडलेला स्नायू सोडवून मागे शिवायचा, पण गाठ कच्ची ठेवायची. तुम्ही जागे झालात की एक दिसतं की दोन ते तुम्हीच सांगायचं. मग गाठ पक्की.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी मागून आरसा दाखवतो तो केस कापून झाल्यावर. नको म्हणालात तरी केस परत लागत नाहीत! काम अर्धवट ठेवून गिऱ्हाइकाला विचारणारा कारागीर मी पाहिला नव्हता.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसवलं. बधिर करायचे थेंब टाकले. समोर लाइट. "कितने, बाबा?"

"दोन."

दोरा हलवला. "अब?"

"दोन. जवळ आलेत."

चिमटा परत डोळ्याकडे आला. माझे हात खुर्चीला घट्ट. मॅडम म्हणाल्या, "ठोडी नीचे. हिलो मत. भरोसा है ना?"

"नहीं!"

"मत करो. बस, हिलो मत."

मी हललो नाही. हनुवटी खाली होती आणि लाइट एक होता.

*

मॅडमनी परवानगी दिल्यावर सलून उघडलं. पट्टी नाही. हनुवटी जागेवर. खाजाभाई चहा घेऊन आला, स्वतःच्या दाढीवर हात फिरवला आणि म्हणाला, "हम तो दाढी रखते, उस्ताद." गेला.

वकीलसाहेब आले. बाकावर बसले, पेपर उघडला. मी वस्तऱ्याला नवं ब्लेड लावलं. त्यांनी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, मग उलटा, शेवटून पहिल्या पानापर्यंत. मी कोणाला बोलावत नसतो.

पेपर घडी करून ठेवला. उठले. मला वाटलं, निघाले.

ते खुर्चीत बसले. गाल खरखरीत होते. मी कापड बांधलं, फेस लावला, वस्तरा हातात घेतला. त्यांचे हात खुर्चीला घट्ट.

"वकीलसाहेब, भरवसा आहे ना?"

"नाही," ते म्हणाले, आणि हनुवटी वर केली.